रीठमास्तर

मी बैलबंडीत माती भरत होतो. मागून कोणीतरी म्हणालं, "हे तुमच्या मालकीचं आहे का?"

वळून पाहिलं तर सायकल धरून एक माणूस उभा. पांढरा सदरा, पायजम्याला क्लिपा, डोक्यावर ओला दुपट्टा. मला वाटलं तहसीलमधला कोणी असेल. म्हटलं, "माती हाये जी. मातीची कायची मालकी?"

"कसली माती?"

"पांढरी. पराटीले मानवते."

त्याने सायकल बाभळीला टेकवली, माझ्या टोपल्यात हात घातला आणि एक लाल, भाजलेलं ढेकूळ वर काढलं. "ही चूल होती कोणाची तरी. तुम्ही एका बाईचं स्वयंपाकघर उचलून चाललात. निदान विचारून तरी न्या."

"कोनाले इचारू? इथं मानूस कुठी हाये?"

तेव्हा त्याने चपला काढून बाजूला ठेवल्या, त्या टेकाडाकडे तोंड केलं आणि मोठ्याने हाक मारली, "आहे का हो कोणी घरात?"

माझे बैल दचकले. तो मात्र कान देऊन उभा राहिला, एखाद्याच्या दारात उभं राहावं तसा. सीताफळीच्या झुडपातून एक तितर उडालं. मग चपलांत पाय घालत तो म्हणाला, "न्या आता. कोणी नाही."

घरी येऊन बायकोला सांगितलं, आज रिठीत एक पागल भेटला. ती म्हणाली, "पानीगिनी पाजलं का त्याले?" नव्हतं पाजलं. "मंग तुमी कोनते शाहाने?"

ही आणीबाणीच्या आधीची गोष्ट. आमच्या वर्धा जिल्ह्यात अशी उठून गेलेली गावं जागोजागी आहेत. त्यांना आम्ही रीठ म्हणतो. माणसं नाहीत, घरं नाहीत, मातीचं एक टेकाड, एखादी बुजलेली विहीर, शेंदूर उडालेला मारोती. पण तलाठ्याच्या कागदात गावाचं नाव चालूच असतं. शेत कुठे म्हणून विचारलं तर माणूस सांगतो, अमक्या रिठीत. त्या टेकाडाची माती पांढरी असते. भिंती, राख, शेण, सगळं जिरून झालेली. ती शेतात टाकली की पराटी, म्हणजे कपाशी, जोमाने येते. आमच्या बापजाद्यांनी टाकली, मीही टाकत होतो. ते कोणाचं घर आहे असं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

तो माणूस पुढच्या रविवारी पुन्हा आला, त्याच्या पुढच्या रविवारीही. मग ओळख झाली आणि मी अहोजाहो करू लागलो, म्हणून इथून पुढे तसंच लिहितो. नालवाडीला राहायचे, वर्ध्याच्या एका शाळेत भूगोल शिकवायचे. नद्या आणि पिकं वहीत उतरवून घ्या म्हणायचे आणि तासभर उजाड गावांबद्दल बोलायचे, असं ऐकलं होतं. आमच्या गावाने त्यांना रीठमास्तर नाव ठेवलं. त्यांना ते माहीत होतं. एकदा हसून म्हणाले, "बरं आहे. पगार नाही, पण हुद्दा मिळाला."

त्यांच्या सायकलला घंटी नव्हती. समोर कोणी आलं की तोंडानेच "सरका, सरका" म्हणायचे, अन् रस्ता रिकामा असला तरी म्हणायचे. कोणाच्या घराला कुलूप दिसलं की त्यांना चैन पडत नसे. शेजाऱ्याला विचारायचे, "कुठे गेले? केव्हा येणार? सांगून गेले का?" शेजारी म्हणायचा, "वावरात गेले जी, येतीन संध्याकाळलोक." तेव्हा कुठे पुढे जायचे. इतकी रिकामी गावं पाहिली पण कधी एक अक्षर लिहून घेतलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "लिहिलं की माणूस विसरायला मोकळा होतो." त्यांच्या घरच्या बाईही मास्तरीण होत्या. त्या मला एकदा म्हणाल्या, "आमच्याकडे पाहुणे आले की हे घरात सापडत नाहीत. आणि जिथे कोणी नाही तिथे जाऊन हाका मारतात."

आमच्याकडे आले की ओट्यावर बसायचे. बायको त्यांना भाकर आणि अंबाडीची भाजी द्यायची आणि स्वतः दारात टेकून ऐकायची. मी चौथी शिकलेलो, ती शाळेच्या दारातही गेलेली नव्हती. जग आम्ही त्या ओट्यावर पाहिलं, आणि तेही माणसं निघून गेलेलं जग.

आफ्रिकेत म्हणे वाळवंटात हिऱ्यांचं गाव होतं. जर्मन लोकांनी वसवलेलं. नाचायला वेगळी इमारत, दवाखाना, बर्फाचा कारखानासुद्धा. पुढे दुसरीकडे जास्त हिरे सापडले, लोक तिकडे गेले. आता घराघरांत कमरेएवढी वाळू.

"कमरेएवढी होईलोक कोनी झाडलंच नाई?" बायको म्हणाली.

"झाडायला कोणी नव्हतंच ना, वहिनी."

"तेच तं म्हनते मी."

मग अमेरिकेतलं सोन्याचं गाव. सोनं संपलं, माणसं गेली, टेबलावर कपबश्या अजून तशाच. ही गोष्ट तिला अजिबात आवडली नाही. "कपबश्या न्याले काय जात होतं? हातात धरून नेल्या असत्या." मास्तरांनी सांगितलं की गाड्या महाग होत्या, रस्ते लांबचे. तरी तिचं एकच, "भरल्या घरातून भांडं टाकून जाते ती कायची बाई!"

खाली रामेश्वराजवळ समुद्राने वादळात एक अख्खं गाव घेतलं, रुळावरची रेल्वे घेतली. सरकारने सांगितलं इथे आता राहायचं नाही, तरी कोळी लोक जाऊन झोपड्या बांधतात. ते ऐकून ती म्हणाली, "बांधतीनच." राजस्थानातल्या एका गावाची गोष्ट गावकऱ्यांना फार आवडायची. दिवाणाचा डोळा एका पोरीवर गेला म्हणून सगळं गाव रातोरात निघून गेलं, अशी. पण खुद्द मास्तरांचा तिच्यावर विश्वास नव्हता. म्हणायचे, "रातोरात कोणी जात नसतं. म्हातारी माणसं, गाभण गाय, जातं, भिजत घातलेली डाळ. हे सगळं एका रात्रीत उचलून दाखवा मला. ही गोष्ट मागाहून जुळवलेली आहे. जाण्याची लाज वाटते ना, म्हणून माणसं कारण मोठं करतात."

रिठीजवळच्या प्रत्येक गावात ते एकच विचारायचे, "पहिलं कोण गेलं?" लोक सांगायचे पटकी आली, पेंढारी आले, भूत लागलं. मास्तर म्हणायचे, "ते असू द्या. पटकी सगळ्यांनाच आली असेल. पण पहिलं घर कोणाचं उठलं? आणि शेवटचं कोणाचं? शेवटच्या माणसाने निघताना काय केलं?" हे कोणालाच सांगता यायचं नाही.

आमच्या बाजूच्या रिठीचं कारण त्यांना माझ्या आत्याने सांगितलं. आत्या तेव्हा डोळ्यांनी गेलेली, खाटेवर बसून असायची. "पटकीगिटकी काई नाई," ती म्हणाली. "तिथली इहीर खारी होती. प्याचं पानी लांबून आनाव लागे. त्या गावाले कोनी पोरगी देत नव्हतं. पोट्टे बिनलग्नाचे बुढे झाले, आन एकेक करून मेले. सरलं गाव."

मास्तर ताडकन उठले आणि तिच्या पाया पडले. "इतकी वर्षं फिरतोय, हे मला कोणी सांगितलं नव्हतं."

"कोनी इचारलंच नसन बाप्पा," आत्या म्हणाली. "जो येते तो भूतच इचारते."

माझी बायको मागच्या दिवाळीनंतर गेली. घरात बोलणारं माणूस राहिलं नाही म्हणून लिहायला बसलो. मुलगा बोरगाव मेघेला राहतो, तो म्हणतो इकडे या, तिथे एकटे काय करता. मी एकटा काय करतो ते हे. मास्तरांना जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. त्यांच्यावर कोणी काही लिहिलेलं नाही, आणि मी त्यांचा इतका देणेकरी आहे की मी नाही लिहिलं तर कोण लिहिणार? देणं कसलं ते सांगतो.

आमच्या नाल्यावर धरण मंजूर झालं. बरीच वर्षं नुसतं बोलणं होतं, मग मोजणीचे दगड आले, मग नवं गावठाण आखून मिळालं, आणि एका उन्हाळ्यात हुकूम आला की या पावसाळ्यात पाणी अडवणार, त्याच्या आत घरं खाली करा.

मास्तर त्या दिवसांत सारखे येऊ लागले. एक दिवस आले तर गावात चक्कीचा आवाज नाही. चक्कीवाल्याने इंजिन उखडून नव्या गावठाणात नेलं होतं. आता दळण डोक्यावर घेऊन शेजारच्या गावी जावं लागणार, म्हणून बायका चिडलेल्या. मास्तरांनी ते ऐकलं आणि टाळी वाजवली. खरंच टाळी वाजवली. "चक्की! अहो, पहिली चक्की गेली! आता पाहा, दळणाच्या कटकटीने निम्मं गाव महिन्याभरात हलेल. पाणी चढेपर्यंत कोणी थांबणार नाही."

माझी बायको डोक्यावर टोपलं घेऊन उभी होती. तिने ते खाली ठेवलं. "मास्तर, आमचं गाव उठून राह्यलं, आन तुमाले हासू येते?"

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. त्यांनी हात जोडले. "चुकलो, वहिनी."

"हात नोका जोडू. दळन न्या."

आणि त्यांनी नेलं, सायकलच्या मागे बांधून. अर्धं पीठ रस्त्यात सांडलं.

पण बोलले तसंच झालं. चक्कीमागून दुकान गेलं, दुकानामागून पोरंबाळं असलेली घरं. लोक चौकटी काढून नेत, दारं नेत, छपराची आडं-फाटे नेत, कवेलू म्हणजे कौलं उतरवून बंडीत रचून नेत. मागे नुसत्या भिंती उभ्या राहत. मीही नव्या गावठाणात दोन खोल्या उभ्या केल्या. मुलाला माझ्या आईजवळ तिकडे ठेवलं. आता फक्त आम्ही दोघं आणि बैल उरलो होतो. आणि बायको म्हणाली, "मी नाई येत."

आमची पहिली मुलगी तान्ही असतानाच गेली होती. लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. नाल्याकाठच्या मोहाच्या झाडाखाली तिला ठेवलं होतं. पुढे मुलगा झाला, मोठा झाला, त्या मुलीचं नाव आमच्या तोंडून कधी निघालं नाही. मला वाटायचं ही विसरली. तेव्हा कळलं की ती रोज नाल्यावरून पाणी आणायची ते विहीर जवळ असूनही का आणायची.

"तिले कोन हाये इथं?" ती म्हणाली. "सबन गाव चाललं. मी बी जाऊ?"

मी तिच्यावर ओरडलो, पुढे रडलोही. दोन्हींचा काही उपयोग झाला नाही. तिचा भाऊ हिंगणघाटहून आला, समजावून थकला, गेला. मला एक गोष्ट स्पष्ट दिसत होती. मी तिला टाकून जाणार नव्हतो. म्हणजे शेवटी पोलीस येणार आणि तिला उचलून जीपमध्ये घालणार. असं उचलून नेलेलं माणूस मग कुठेच नांदत नाही. देह नव्या घरात राहील आणि ती इथेच बुडेल. ती आपल्या पायांनी निघायला हवी होती, आणि तशी ती निघणार नव्हती.

आमची शेजारीण जाताना हिला सवयीने म्हणाली होती, "जराक ध्यान ठेवजो वो घराकडं." जत्रेला जाताना म्हणतात तसं. त्या घराला दार राहिलं नव्हतं, छप्परही नव्हतं. पण हिने ते मनावर घेतलं. रोज सकाळी उठून आधी आमच्या अंगणात, मग शेजारणीच्या, मग त्याच्या पुढच्या, असा साऱ्या ओळीला शेणाचा सडा टाकायची आणि प्रत्येक बोडक्या घरापुढे रांगोळीच्या चार रेघा ओढायची. मी म्हटलं, "कोनासाठी टाकून राह्यली?" म्हणाली, "सांगून गेली ना ते."

अशा त्या ओळीतून मास्तर एका सकाळी वळकटी घेऊन आले. सायकल हातात धरलेली. सडा पाहून त्यांनी चपला काढल्या आणि अंगणांच्या कडेकडेने चालत आमच्यापर्यंत पोचले. 

"इकडं कुठी, मास्तर?" मी विचारलं.

"निवृत्त झालो. राहायला आलोय."

"लोकं जाऊन राह्यले आन तुमी येऊन राह्यले?"

"आयुष्यभर मी गाव उठून गेल्यावरच पोचलो हो. एकदा उठताना तर पाहू द्या."

शेजारणीच्या घरापुढे जाऊन त्यांनी हाक मारली, "आहे का हो कोणी घरात?"

आमच्या ओट्यावरून बायको ओरडली, "नाई कोनी! ते घर माया भरवशावर हाये. राहाचं तं राहा, पन भिताडाले खिळे ठोकू नोका."

मास्तरांनी वर ताडपत्री बांधली आणि राहिले. राहिले म्हणजे आमच्या गळ्यात पडले. विहिरीतून बादली ओढायला गेले की बादली आत सोडून येत. चूल पेटवायला गेले की धुराने खोकत बाहेर. दोन दिवसांत ते आमच्याच ताटावर आले. चक्की नव्हती, बायको जात्यावर दळत होती, तिचं दळण वाढलं. "बुढ्याले भूक बी दांडगी हाये," ती पुटपुटायची. पण मी पाहत होतो, गाव रिकामं झाल्यापासून ती गप्प झाली होती, ती आता दिवसभर त्यांच्यावर खेकसत होती. मला तेवढ्यानेच बरं वाटायचं.

एक दिवस धरण खात्याची जीप आली. साहेब तरुण होता, घामाने भिजलेला, वाईट माणूस नव्हता. मास्तरांना पाहून त्याला धीर आला. "तुम्ही शिकलेले दिसता. तुम्ही तरी यांना समजवा."

मास्तर म्हणाले, "साहेब, मी पाहुणा आहे. पाहुण्याने घरच्या बाईला घरातून निघा म्हणावं, अशी रीत नाही."

"मग तुम्ही तरी निघा."

"घरचे निघाले की निघेन. पाहुण्याने आधी निघावं खरं, पण माझं जेवण इथेच आहे."

साहेब चार दिवसांची मुदत देऊन गेला. मला संताप आला. मास्तरांना मी विहिरीमागे नेलं. "तुमचं ते आयकते. सांगा ना तिले काई. एवढ्या गावाईच्या गोष्टी माहीत हायेत तुमाले."

मास्तर खाली पाहत म्हणाले, "गावं माहीत आहेत. पण त्यांतलं एकही मला इथे उपयोगी पडत नाही. राहा म्हणायलाही नाही आणि जा म्हणायलाही नाही. मी तिला काय सांगू? तिचं मूल आहे तिथे."

तोपर्यंत आमच्या पोरीबद्दल मी त्यांच्याजवळ बोललो नव्हतो. म्हणजे तिने स्वतः सांगितलं होतं. मला जे नाव काढता आलं नाही ते ती त्यांच्याशी बोलली होती. 

पाऊस झडीचा लागला. धरणाकडचं पाणी नाल्यातून उलटं चढायला लागलं. गढूळ, आवाज न करणारं. गावातून बाहेर जायला नाल्यावर एक रपटा, म्हणजे बुटका फरशीपूल होता, तेवढाच रस्ता. मी सकाळ-संध्याकाळ तो पाहून यायचो. बायको मोहाच्या झाडाशी जाऊन बसायची. छत्री नाही, डोक्यावर पोतं.

मुदत संपायच्या आदल्या सकाळी ती चहा घेऊन मास्तरांकडे गेली आणि तिथूनच किंचाळली, "अवो, या इकडं लवकर!"

मास्तर गोधडीत थडथड उडत होते. अंग भट्टीसारखं. डोळे उघडे, पण आम्हाला ओळखत नव्हते. भिंतीकडे पाहून म्हणाले, "आहे का हो कोणी घरात?"

"हावो ना मी, पडून राहा," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "बंडी जुपा."

"कुठी जाचं?"

"कुठी म्हंजे? दवाखान्यात! हा मानूस इथं मेला तं याच्या बायकोले कोन तोंड दाखवन? पाहून काय राह्यले, जुपा!"

मी बैल जुपले.  तिने बंडीत तणस पसरलं, वर आमची गादी टाकली, पाण्याचा गुंड ठेवला, लुगड्याचा पदर फाडून पट्ट्या केल्या. आम्ही दोघांनी त्यांना उचललं. चुलीवर वरण शिजत होतं, ते तसंच राहिलं. दारही ओढलं नाही.

रपट्यावर पाणी बंडीच्या आसाला लागलं होतं. बैल बिचकले, मी खाली उतरून त्यांच्या कासऱ्याला धरून पुढे चाललो. डाव्या हाताला मोहाचं झाड होतं. बुंध्याभोवती पाणी आलं होतं. मी पाहिलं. तिने पाहिलं की नाही मला माहीत नाही. मागून फक्त तिचा आवाज येत होता. "डोकं हालवू नोका, मास्तर. आलंच वर्धा. हालवू नोका म्हनलं ना!" वर्धा अजून कुठच्या कुठे होतं.

पुढे सडकेवर एक ट्रक मिळाला, त्याने दवाखान्यात पोचवलं. हिवताप डोक्यात चढला होता. डॉक्टर म्हणाले, अजून एखादा दिवस गेला असता तर हाती लागले नसते. नालवाडीहून त्यांच्या बाई आल्या. तरी माझी बायको तिथून हलली नाही. रात्रंदिवस दोघी त्यांच्या खाटेशी, एक डोक्याशी, एक पायाशी.

मास्तर शुद्धीवर आले आणि त्यांचा पहिला शब्द काय? "गावात कोण राहिलं?"

"कोनी नाई," बायको म्हणाली.

"शेवटी कोण निघालं?"

"आमी. तुमाले घेऊन."

 मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "म्हणजे मी तिथेच होतो. शेवटच्या बंडीत होतो. आणि मी पाहिलंच नाही!"

मला हसू फुटलं. त्यांच्या बाई हसल्या. माझी बायकोही हसली, गाव उठायला लागल्यापासून पहिल्यांदा. त्यांचं पांघरूण सारखं करत म्हणाली, "पाहासारखं काई नव्हतं, मास्तर. झोपा."

दवाखान्यातून आम्ही सरळ नव्या गावठाणात गेलो. रपटा तोवर पाण्याखाली गेलेला.  मुलगा येऊन तिला बिलगला. दुसऱ्या दिवशी शेजारीण भेटायला आली, तर ही तिला पहिलं काय म्हणाली? "तुयं घर साजरं ठेवलं होतं वो. मास्तरानं एक बी खिळा नाई ठोकला."

त्यानंतर मास्तर सायकलवर कधी बसले नाहीत. अंगात ताकद राहिली नव्हती. एस. टी. ने यायचे. रशियात अणुविजेचा कारखाना फुटला त्या सालची गोष्ट आहे, ते आमच्या नव्या ओट्यावर बसले होते. रेडिओवर ऐकलेलं सांगत होते. तिथल्या मोठ्या शहराला सांगितलं, तीन दिवसांसाठी चला, कागदपत्रं आणि थोडं खायचं तेवढं घ्या. मोटारी रांगेने उभ्या होत्या. लोक बसले. परत कोणालाच येऊ दिलं नाही.

बायको तांदूळ निवडत होती. काही म्हणाली नाही. तिला नेहमी काहीतरी म्हणायचं असायचं, म्हणून मास्तरांनी वाट पाहिली. मग घसा खाकरला. "वहिनी, एक विचारू? रागावू नका. एवढ्या रिठी फिरलो, पण शेवटच्या माणसाला विचारायला मला कधी मिळालं नाही. गाव सोडताना तुम्हाला काय वाटलं?"

मी त्यांना डोळ्याने खुणावलं, की नका. पण ती शांतपणे तांदूळ पाखडत राहिली.

"मी कुठी सोडलं?" ती म्हणाली. "तुमाले दवाखान्यात नेलं. वापस जाचं राहून गेलं."



"एवढंच?"

"एवढंच. त्या रशियावाल्याईचं बी तसंच झालं असन. कोनी ठरवून थोडी जाते." आणि सूप बाजूला ठेवून, "पोरीले मी सांगून आली नाई, एवढं मातर मनात राह्यलं. पन तिले दिसलं असन, मानूस बिमार होता."

मास्तरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. ते त्यानंतर कोणत्याही रिठीत गेल्याचं मी ऐकलं नाही. आमच्याकडे मात्र यायचे. तिच्या हातचं खायचे, शिव्या खायचे. ते गेले तेव्हा आम्ही दोघं नालवाडीला गेलो होतो. तिने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि ती जितकी रडली तितकी मी तिला दुसऱ्या कोणासाठी रडताना पाहिली नाही.

लोक म्हणत, मास्तरांनी हिला गावातून काढली. तसं काही नव्हतं. त्यांनी तिला एका शब्दाने निघ म्हटलं नाही, आणि आजारी काही कोणी मुद्दाम पडत नाही. पण तो माणूस वळकटी घेऊन तिथे आला नसता तर मला बायको राहिली नसती, हे मला जसं माझं नाव माहीत आहे तसं माहीत आहे. पुढे नातवंडं झाली, तीही तिने अंगाखांद्यावर खेळवली. म्हातारपणी आम्ही दोघं एका खाटेवर बसून दिवसभर भांडायचो. भांडण वाढलं की तिचं शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं, "मी काई तुमच्यासाठी नाई निंगाली तथून. मास्तरासाठी निंगाली."

खरं होतं ते. मला चालायचं.